मेंढी पिशवी वाचत नाही

आमचे दाजी बँकेतून निवृत्त झाले आणि सांगोल्याकडच्या वडिलोपार्जित जिरायतीवर त्यांनी बंदिस्त मेंढीपालन काढलं. 'बंदिस्त' हा शब्द ते इतक्या प्रेमाने उच्चारत, की मेंढ्यांआधी तेच आत जाऊन बसतील असं ताईला वाटे. ३० दख्खनी मेंढ्या आल्या. एक माडग्याळ मेंढा आला. नाक पोपटाच्या चोचीसारखं, किंमत मोटारसायकलीएवढी. आणि टेम्पो भरून आल्या मुरघासाच्या पिशव्या. ज्वारीचा मुरघास. प्रत्येक पिशवीवर हिरव्या कुरणात मान खाली घातलेली एक गुबगुबीत पांढरीशुभ्र मेंढी, आणि तिच्या पायाशी दोन शब्द : 'संपूर्ण पोषण'.

मराठीत 'संपूर्ण' हा शब्द चातुर्मासाच्या पोथीला शोभतो. चाऱ्याच्या पिशवीवर दिसला की खिसा चाचपावा.

दोन महिन्यांनी दाजींचा फोन आला. मेंढ्यांची पोटं डेऱ्यासारखी, कोकरं मात्र काडीसारखी. आयांना दूध नाही. "खातात तर भरपूर!" दाजी म्हणाले. हे ते बँकेच्या थकीत कर्जदारांबद्दलही म्हणत असत.

वर्तमानपत्रात येण्याआधी मी कृषी विद्यालयात दोन वर्षं काढली आहेत. तिथलं बाकी सगळं विसरलो, एक लक्षात राहिलं : चारा ओला मोजायचा नसतो. मुरघासात १०० किलोंतले ६५ ते ७० किलो पाणी असतं. म्हणजे दाजींच्या मेंढीने तीन किलो मुरघास खाल्ला, तर तिच्या पोटात दोन किलो पाणी आणि जेमतेम एक किलो चारा गेला. मुरघासाचा भाव ठरतो ओल्या किलोवर. दुधात पाव लिटर पाणी सापडलं तर गवळ्याची सात पिढ्यांची चौकशी करणारी आपली माणसं, इथे दोनतृतीयांश पाणी भाडं भरून घरी आणतात आणि वर त्याचा फोटो स्टेटसला ठेवतात.

आता उरलेल्या एक किलोचं पाहू. ज्वारीच्या मुरघासाच्या कोरड्या भागात प्रथिनं साधारण सहा ते नऊ टक्के, सात धरा. पचणारे अन्नघटक ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपास. मक्याच्या मुरघासापेक्षा ताकद थोडी कमी, पण मक्याला जेवढं पाणी लागतं तेवढं सांगोल्यात माणसांनाही मिळत नाही. ज्वारी पाऊस ओढला की मान टाकून थांबते आणि पडला की पुन्हा उठते. तिच्या वाळल्या कडब्यात प्रथिनं तीन-चार टक्केच असतात. त्या मानाने मुरघास सरसच. एवढं त्याच्या पदरात टाकायला माझी हरकत नाही.

पण हिशोब पुढे आहे. ३० किलोची मेंढी दिवसाला किलोभर कोरडा चारा खाते. सात टक्क्यांनी तिला ७० ग्रॅम प्रथिन मिळालं. मेंढी भाकड असेल तर जेमतेम निभतं. अंगावर कोकरू असेल तर तिला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास हवं. उरलेलं ती कुठून आणणार? आधी स्वतःच्या अंगातून काढते, मग कोकराच्या वाट्यातून. दाजींच्या गोठ्यात नेमकं हेच चाललं होतं. उपाय तसा दीडशे ग्रॅम शेंगदाणा पेंडीचा आहे, त्यातून साठेक ग्रॅम प्रथिन मिळतं. पण पेंड विकत घ्यायला गेलं की 'संपूर्ण' शब्दाचा अपमान होतो, म्हणून दाजींनी ती घेतली नव्हती.

मुरघासाबद्दल हा एक गोड गैरसमज सगळीकडे पसरला आहे. 'मुरतो' म्हणजे काहीतरी वाढतं, असं लोकांना वाटतं. मुरवणं म्हणजे हवा कोंडून केलेलं लोणचं. दोन सेंटिमीटरच्या आतली कुट्टी दाबून भरायची, हवा काढायची, तोंड बंद करायचं. ४५ दिवसांत जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, सामू चारच्या आसपास उतरतो आणि चारा टिकतो. टिकतो, एवढंच. खड्ड्यात जे गेलं तेच बाहेर येतं, तेही थोडं घटून. कैरी वर्षभर बरणीत ठेवली म्हणून तिचा हापूस होत नाही.

मी गेलो त्या दिवशी शेजारच्या वस्तीवरचे तात्या तिथे आले होते. वय सत्तरीचं, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं. उभी हयात मेंढरांमागे गेलेली. त्यांनी न विचारता पिशवीत हात घातला, मूठभर मुरघास काढला, नाकाला लावला आणि मग आवळला. बोटांमधून पाणी टपटपलं.

"वल्लं कापलंय," तात्या म्हणाले. मूठ उघडली तर गोळा तसाच, चिखलासारखा. नीट मुरलेल्या चाऱ्याचा गोळा मूठ उघडल्यावर हळूहळू सुटतो, हाताला ओल लागते पण थेंब पडत नाही, आणि वास येतो आंबूस-गोड, शिरक्याच्या जवळचा. दाजींच्या पिशवीला वास होता खवट लोण्याचा. तात्यांनी तळहातावर चारा पसरला आणि बोटाने चिवडत राहिले. पानं होती, धाट होतं. बराच वेळ शोधून त्यांनी विचारलं, "सायेब, ह्यात ज्वारी कुठाय?"

हा प्रश्न विद्यापीठातल्या परीक्षेत विचारायला हवा. ज्वारीच्या मुरघासात ज्वारी किती?

मुरघासासाठी ज्वारी कापायची वेळ म्हणजे दाणा चिकातून हुरड्याला येतो ती. तेव्हा कणसात पिठूळपणा भरलेला असतो आणि धाटात पाणी नेमकं असतं. गाईच्या शेणात ज्वारीचे दाणे सबंध पडलेले दिसतात. मेंढी गाईपेक्षा बारीक चावते, त्यामुळे दाणा तिच्या अंगी जास्त लागतो. थोडक्यात, मेंढीला हवी तीच ज्वारी, जी पुण्याहून हुरडा खायला गाड्या भरून आलेल्या मंडळींना हवी असते. शेतकऱ्याने ते रान मुरघासाला कापलं तर त्याची वर्षाची भाकरी गेली. मग व्यवहारात काय होतं? कणसं खुडून घेतात आणि उरलेलं मुरवतात, नाहीतर पोटरीत यायच्या आधीच पोरसवदा पीक कापून पिशवीत कोंबतात. दोन्हीकडे नाव ज्वारीचंच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे भरडधान्यांचं जागतिक वर्ष झालं, शहरात भाकरी मेन्यूकार्डावर पोचली. हे सगळं दाण्याचं कौतुक. धाटाला कुणी विचारलं नाही.

विचारलं नाही म्हणजे, शेतकऱ्याने विचारलं होतं. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ठेंगणा संकरित वाण आला. दाणा बख्खळ, पण कडबा आखूड आणि भाकरी बेचव. आकडेवारीत ज्वारी वाढली, दावणीला वैरण घटली. रब्बीच्या पट्ट्यात लोक मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडीच पेरत राहिले, कारण तिच्या कडब्याच्या पेंढीवर बैल तोंड टाकतो. मालदांडीचे ते पेरेकरी अडाणी ठरले. अजूनही अधूनमधून ठरतात.

तर, तात्या. त्यांनी दुसरी गोष्ट विचारली : कापली तेव्हा ज्वारी किती दिवसांची होती? दाजींनी पिशवी उलटसुलट पाहिली. तिथे ग्राहक सेवा क्रमांक होता, वय नव्हतं.

प्रश्न फालतू नाही. ४५ दिवसांच्या आतली, पाण्याच्या ताणात खुरटलेली किंवा कापणीनंतर फुटव्यांवर आलेली ज्वारी म्हणजे सरळ विष. तिच्यातल्या धुरीनपासून पोटात हायड्रोसायनिक आम्ल होतं. याला किराळ लागणं म्हणतात, आणि ज्याने ते पाहिलंय तो विसरत नाही : जनावर थरथरतं, धाप लागते, आडवं होतं, आणि डॉक्टर सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन घेऊन पोचेपर्यंत बहुतेकदा आटपलेलं असतं. मुरवल्याने हे विष बरंच उतरतं, हे मुरघासाचं खरं पुण्य. ते पिशवीवर कुणी छापत नाही, कारण छापलं तर आधी विष होतं हे कबूल करावं लागेल.

जे थोडं उरतं ते निकामी करताना मेंढीच्या शरीरातलं गंधक खर्च होतं. गंधकाशिवाय लोकर होत नाही. त्यात ज्वारीत सोडियमही कमी. म्हणून ज्वारीवर पोसलेल्या मेंढीला गंधक आणि मीठ असलेली चाटण लागते. दाजींच्या गोठ्यात चाटण टांगलेली होती, पण ती गोठ्याचं उद्घाटन झालं तेव्हापासून प्लॅस्टिकमध्येच होती. शोभेची.

आणि त्या खवट वासाच्या पिशवीबद्दल दाजी म्हणाले, "वरची बुरशी काढून टाकतो की." हे ऐकून मी प्रथमच गंभीर झालो. नीट न आंबलेल्या, माती मिसळलेल्या मुरघासात सामू पाचच्या वर राहिला तर लिस्टेरिया वाढतो, आणि त्याचं मेंढीशी जुनं वैर आहे. गाय एकवेळ वाचेल. मेंढीचा एक कान लोंबतो, मान एका बाजूला वळते, आणि ती गोल गोल फिरत राहते. गाभण असेल तर गाभडते. शिवाय हा आजार माणसालाही होतो. बुरशी वरून काढली तरी आतला चारा शहाणा होत नाही. ती पिशवी उकिरड्यावर टाकायची, बोकडालाही घालायची नाही.

दाजी बँकेतले, कागद मागणारे. त्यांनी शेवटचा मुद्दा मांडला : "पण तात्या, यावर लिहिलंय ना, संपूर्ण पोषण!"

तात्यांनी पिशवीकडे पाहिलं, मेंढ्यांकडे पाहिलं. "मेंढराला वाचाय येत न्हाई, सायेब."

मग त्या दिवशी ठरलं ते असं. मेंढ्या सकाळी तात्यांच्या कळपामागे चरायला जातील. 'बंदिस्त' शब्द दाजींनी जड मनाने मागे घेतला. संध्याकाळी चांगल्या पिशवीतला किलो-दीड किलो मुरघास, सोबत कडब्याची कुट्टी, पाजणाऱ्या मेंढीला दीडशे ग्रॅम पेंड, चाटणीचं प्लॅस्टिक काढून टाकायचं. नवा मुरघास एकदम घालायचा नाही, आठ-दहा दिवसांत वाढवत न्यायचा. पुढच्या वर्षी अर्धा एकर ज्वारी घरचीच, हुरड्यात कापून, कणसासकट मुरवायची. ताईने तेवढ्यात विचारून घेतलं, की कापायच्या आधी एक दिवस पाहुणे बोलवायचे का. बोलवायचे.

खराब निघालेल्या पिशव्यांचे पैसे परत मागायला दाजींनी ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडून विचारणा झाली, "सर, पिशवी तुम्ही उघडली होती का?"

निघताना मी एक रिकामी पिशवी गाडीत पसरायला घेतली. घरी आल्यावर चष्मा लावून तो फोटो नीट पाहिला. 'संपूर्ण पोषण'वरची ती गुबगुबीत मेंढी मुरघास खातच नाहीये. ती गवत खाते आहे.