देश एक, वर्गणी एक, वाचक मांडवाबाहेर

केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली, तेव्हा भिलाईच्या सुपेल्यात आम्हीही टाळ्या वाजवल्या. आकडेच तसे होते. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० संशोधनपत्रिका. म्हणजे जगभरचं विज्ञान आमच्या जी.ई. रोडवर येऊन थांबणार आणि आपण नुसतं चढून बसायचं.

मग खालची बारीक अक्षरं वाचली. ही सोय ६,३०० च्या वर सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. त्यांतले विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक मिळून सुमारे १ कोटी ८० लाख माणसं. देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या वर. शंभरात जेमतेम सव्वा माणूस ‘नेशन’मध्ये बसला, उरलेले पावणेनव्व्याण्णव सबस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे पैसे भरणाऱ्यांत. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी कापताना ‘आपण कोणत्या संस्थेचे?’ असं अजून कुणी विचारलेलं नाही. गणपतीची वर्गणी घरटी गोळा करायची आणि मांडवाच्या दाराशी ओळखपत्र तपासायचं, असा हा उत्सव आहे.

आमच्या भिलाईतच बघा. कुटेलाभाठ्याला आयआयटी आहे, तिथलं पोर वसतिगृहाच्या गादीवर लोळत हवा तो पेपर उघडणार. त्याच्याच शाळासोबतीने खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घेतला असेल, तर त्याने सारांश वाचून समाधान मानायचं. दोघे रविवारच्या बाजारात एकाच गाडीवर गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खातात, पण एक राष्ट्रात आहे आणि दुसरा राष्ट्राच्या प्रतीक्षायादीत. खासगी कॉलेजांचा नंबर दुसऱ्या टप्प्यात म्हणे. तुमचा-आमचा तिसऱ्यात, सार्वजनिक वाचनालयांतून. सुपेल्यात बसून सार्वजनिक वाचनालयाची वाट पाहणाऱ्याला आम्ही लांबूनच नमस्कार करतो.

गंमत अशी की २०२० च्या अखेरीस पाचव्या विज्ञान-तंत्रज्ञान धोरणाचा मसुदा आला, त्यात हीच कल्पना होती आणि तिच्यात देशातली प्रत्येक व्यक्ती धरलेली होती. मसुद्याची योजना होईपर्यंत देश आटला. धुण्याच्या कोणत्या पावडरीने, ते कळलं नाही.

आता या धंद्याची तारीफ करू, कारण असा धंदा आमच्या आकाशगंगा मार्केटमधल्या मुरलेल्या व्यापाऱ्यालाही सुचला नसता. प्रयोगशाळा सरकार बांधतं. यंत्रं, पगार, शिष्यवृत्त्या, सगळं सरकारचं. शास्त्रज्ञ दोन-चार वर्षं घासून पेपर लिहितो आणि प्रकाशकाकडे पाठवतो. प्रकाशक तो दुसऱ्या शास्त्रज्ञांकडे तपासायला देतो. ते फुकट तपासतात, कारण तो मान असतो. मग लेखक एका फॉर्मवर सही करून कॉपीराइट प्रकाशकाच्या हवाली करतो, तोही मानच. पुढे प्रकाशक त्याची सुबक पीडीएफ करून त्याच सरकारला विकतो. अशा प्रकाशकांतल्या एल्सव्हियरची मालक कंपनी रेलेक्स; तिच्या वैज्ञानिक प्रकाशन विभागाचा २०२३ चा नफा होता विक्रीच्या ३८ टक्के. माल फुकट, कारागीर फुकट, तपासनीस फुकट आणि गिऱ्हाईक खुद्द सरकार. इतकं असून नफा ३८ टक्क्यांवरच का अडतो, याची खरं म्हणजे चौकशी व्हायला हवी.

लेख सर्वांना खुला ठेवायचा असेल तर तीही सोय आहे, लेखकाने वेगळे पैसे भरायचे. त्यासाठी योजनेत वर्षाला १५० कोटींची तरतूद आहे. दार बंद ठेवण्याचे पैसे वेगळे, उघडण्याचे वेगळे.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये रेल मिलला होते, आता निवृत्त. उभी नोकरी त्यांनी हायड्रोजनशी भांडण्यात घालवली. पोलादात हायड्रोजन अडकून राहिला की रुळाच्या पोटात केसासारखी भेग पडते. वरून रूळ आरशासारखा दिसतो आणि एक दिवस गाडीखाली तुटतो. तो वायू काढायला पातळ पोलाद निर्वात पात्रात धरतात, वगैरे. काका हे सांगू लागले की चहा गार होतो. तर काकांना कुणीतरी सांगितलं की भिलाईच्याच रुळांवर एका सरकारी प्रयोगशाळेचा पेपर आला आहे. काकांनी नातवाच्या लॅपटॉपवर तो शोधला. सारांश दिसला. खाली परदेशी प्रकाशकाचं बटण दिसलं, एका लेखाचे चाळीसेक डॉलर.

“अरे, हे रूळ माझ्या शिफ्टला रोल झालेत!” काका स्क्रीनला म्हणाले. स्क्रीनने कार्ड नंबर मागितला.

नातवाने सुचवलं, लेखकालाच मेल टाका, लेखक पाठवतात. काकांनी शुद्ध इंग्रजीत, ‘रिस्पेक्टेड सर’ घालून मेल टाकला. उत्तर फार प्रेमाने आलं. सरही निवृत्त झाले होते, संस्थेचं लॉगिन सुटलं होतं आणि छापील प्रत घर बदलताना गेली. सापडला तर मलाही पाठवा, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं.

तशी भारतीय धातुशास्त्राची स्वतःची पत्रिका आहे, ‘ट्रान्झॅक्शन्स ऑफ द इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्स’. नावातच इंडियन आहे. प्रकाशक स्प्रिंगर.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र म्हणू नये. २०१४ च्या डिसेंबरात विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या दोन्ही विभागांनी धोरण काढलं की आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाची प्रत खुल्या भांडारात ठेवा. धोरण उत्तम आहे आणि ते स्वतः फुकट वाचायला मिळतं. तिकडे अमेरिकेच्या आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे एनआयएचने, १ जुलै २०२५ पासून नियमच केला की पेपर छापला त्याच दिवशी लोकांसाठी खुला. प्रकाशक त्यांच्याशीही धंदा करतातच, कुणी दुकान बंद केल्याचं ऐकिवात नाही. पण आपण वाटाघाटी कशाला करायच्या? आपल्याकडे ६,००० कोटी आहेत.

कोर्टांचंही थोडं. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपीवर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दावा लावला. एका झेरॉक्सवाल्यावर तीन प्रकाशनसम्राट! १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, शिकवण्यासाठी अशा प्रती काढणं कॉपीराइटच्या कायद्यात बसतं. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. सुपेला चौकातल्या आमच्या फोटोकॉपीवाल्या भैयाला हे सांगितलं, तर त्याने आधी दोन्ही बाजूंनी काढू का ते विचारलं. दुसरा निकाल उलट्या अंगाचा. विकतचे पेपर फुकट देणाऱ्या साय-हब या साइटवर एल्सव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०२० मध्ये दिल्लीतच दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती साइट भारतात बंद करण्याचे आदेश निघाले. कायद्याने ते बरोबरच असेल, चोरीची बाजू आम्ही घेत नाही. पण घरचा दरवाजा तिसऱ्या टप्प्यात उघडणार असताना खिडकी पहिल्याच वर्षी बंद झाली, एवढं वेळापत्रक मात्र चोख पाळलं गेलं.

लोक बोलत का नाहीत? आमच्या छत्तीसगडचे लोक बोलतात, विषय ताटात असावा लागतो. भातशास्त्रज्ञ डॉ. रिछारियांच्या देखरेखीखाली खेडोपाडी हिंडून जमवलेले धानाचे हजारो वाण रायपूरच्या कृषी विद्यापीठात होते. २००२ मध्ये विद्यापीठाची सिंजेंटा कंपनीशी त्यावरून बोलणी चालल्याचं बाहेर आलं, तशी शेतकरी आणि संघटना रस्त्यावर उतरल्या आणि वर्ष संपायच्या आत कंपनीने अंग काढून घेतलं. धान मुठीत धरून कलेक्टरला दाखवता येतं. पीडीएफ कशी दाखवणार? ती उघडतच नाही.

काकांनी हाय खाल्लेली नाही. त्यांनी योजनेचं परिपत्रक छापून घेतलं, ओळीन् ओळ पिवळ्या शाईने रंगवली आणि राष्ट्रात शिरायचा कायदेशीर मार्ग काढला. ते सरकारी कॉलेजात एम.टेक.ला अर्ज करणार आहेत. त्यासाठीच्या गेट प्रवेशपरीक्षेला वयाची अट नाही, हे नातवाने पाहून सांगितलं. आता फक्त हायड्रोजनवर दोन प्रश्न यावेत, अशी त्यांची अपेक्षा आहे.