वाचून पाण्यात उतरणारे काका

सुट्टीला निघताना बाकीचे कपडे भरतात, काका ग्रंथ भरतात. मालवण ठरलं की सिंधुदुर्ग किल्ल्याचा इतिहास, माशांची सचित्र ओळख आणि स्कूबा डायव्हिंगची जाडजूड मार्गदर्शिका आधी बॅगेत जाते. टॉवेल राहतो. ‘तिथे मिळेल’ म्हणतात. पुस्तकाच्या बाबतीत मात्र ते परक्या गावावर विसंबत नाहीत.

तारकर्लीच्या किनाऱ्यावर घरचे लोळत असतात, तेव्हा काका सुरूच्या सावलीत पेन्सिलीने ओळी अधोरेखित करतात. शेजारच्या अनोळखी कुटुंबाला कळतं, की कुस्तो आणि गान्याँ यांनी १९४३ साली पाण्याखाली श्वास घ्यायचं अ‍ॅक्वालंग बनवलं. दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो, हे सुरमईच्या ताटावर समजतं. पाण्याखाली वस्तू एक तृतीयांशाने मोठी दिसते, असं ते सांगतात, तेव्हा काकू सोलकढीचा घोट घेत म्हणतात, “अहो, तुम्हाला तर ती जमिनीवरही दिसते.”

हौशी पर्यटकाला नेतात जेमतेम काही मीटर खाली. काकांचं वाचन चाळीस मीटरपर्यंत झालेलं. वेटसूट घालणं पुस्तकात एका ओळीत उरकतं, इथे काकांचं पोट आत घालायला दोन पोरं लागतात. तरी होडीत वर्ग सुरूच. “कान दडपले तर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. अंगठा वर केला तर ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. नीट असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ.” सोबतचा मालवणी पोरगा ऐकून घेतो आणि म्हणतो, “काका, तोंडान श्वास घेवा. बाकीचा मी बघतंय.”

काका बुडी मारतात. समोरून पट्टेरी माशांचा थवा जातो. सचित्र ओळखीतलं एकही नाव आठवत नाही. आयुष्यात प्रथमच तळटीप न शोधता ते नुसते बघत राहतात, आणि आनंदाच्या भरात अंगठा आपोआप वर जातो.

पुढच्याच क्षणी काका पाण्याबाहेर असतात.

“अरे, वर का आणलंस?”

“तुमीच शिकवलास मां होडयेत? आंगठो वर म्हणजे वर जावचा!”

एवढ्याने वरमतील ते काका कसले? खोलीवर येताच मार्गदर्शिकेतलं खुणांचं पान उघडतात आणि समासात पेन्सिलीने लिहितात : ‘पुढील आवृत्तीत ही खूण बदलावी.’