सोलरवाले अण्णा

साताऱ्याच्या शाहूपुरीत काय किंवा सांगलीच्या विश्रामबागेत काय, गच्चीवर दोनशे लिटरची टाकी आणि तिच्याखाली काचेच्या नळ्या दिसल्या की त्या घरात एक अण्णा आहेत असं खुशाल समजावं. वय साठीपुढचं, कपाटात लाइट बिलांची फाइल आणि सदऱ्याच्या खिशात टेस्टर. महावितरण कंपनी २००५ साली झाली, पण अण्णांच्या तोंडी अजून जुनं वीज बोर्डच. बिल फुगलं की "मीटर पळतंय" हा निकाल आधी लागतो आणि चौकशी मागाहून सुरू होते. संशयितांच्या यादीत मीटर, वायरमन, वरचा भाडेकरू, सुनेचं वॉशिंग मशीन असे सगळे येतात. गच्चीवरच्या सोलरचं नाव मात्र येत नाही. "ते फुकटाचं आहे, त्याला कशाला मधे आणता?"

या जातीच्या दोन पोटजाती आहेत. साताऱ्याचे अण्णा बहुधा फौजेतून आलेले, त्यामुळे रात्री दहाला घरातल्या बटणांची हजेरी होते. शिवाय त्यांचा एक जन्मसिद्ध दावा असतो: कोयना आमची, धरण आमच्या पाटण तालुक्यात, मग आम्हालाच हा दर कसा? धरण साताऱ्याचं हे खरं, पण पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून पोफळीकडे उतरतं आणि बहुतेक वीज होते ती रत्नागिरी जिल्ह्यात. १,९६० मेगावॉटच्या प्रकल्पावर भाऊबंदकीचा हिस्सा सांगून बिलातला एक रुपयाही कमी होत नाही. सांगलीचे अण्णा साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातले. ते आवाज चढवत नाहीत, गेल्या डिसेंबरचं बिल या डिसेंबरच्या शेजारी ठेवतात आणि फरकाखाली लाल रेघ मारतात. दोघांची रीत वेगळी, पण रेघ ओढताना दोघांचीही नजर बाथरूमच्या गिझरवर असते.

आता कुणी म्हणेल, बिचाऱ्यांना विजेचं ज्ञान नाही, त्याला काय करणार? हे मान्य करता येत नाही. पहिला टप्पा शंभर युनिटांचा, दुसरा तीनशेपर्यंतचा, वर सोळा टक्के वीज शुल्क, हे अण्णांना तोंडपाठ असतं. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून जास्त पडतो, हेही तेच सांगतात. अडचण गणिताची नाही, गणितात काय धरायचं याची आहे. पंधरा लिटरच्या गिझरमधलं पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो. सोलरच्या नळाला आधी गार पाणी येतं, कारण गच्चीपासून बाथरूमपर्यंतच्या पाइपात रात्रभर निवलेलं दोन-पाच लिटर पाणी उभं असतं. तेवढी वाट न पाहता नातू गिझर लावतो आणि त्या अर्ध्या युनिटापायी सकाळभर बोलणी खातो. त्याच वेळी जिन्याजवळ, चपलांच्या कपाटावर, एका बटणाचा लाल दिवा शांतपणे जळत असतो. त्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर अण्णांच्याच वळणदार अक्षरात, "बंद करू नये."

ते बटण सोलरच्या टाकीतल्या कॉइलचं. ढगाळ दिवसासाठी बसवलेली ही दोन किलोवॉटची कॉइल थर्मोस्टॅटवर बारमाही चालू राहते. संध्याकाळी घरच्यांनी शंभर लिटर गरम पाणी वापरलं, की तेवढंच गार पाणी टाकीत उतरतं. वीस अंशांचं ते पाणी कॉइल रातोरात साठ अंशांवर नेते आणि त्यात सुमारे साडेचार युनिट जातात. सकाळी ऊन येतं तेव्हा टाकी आधीच तापलेली, त्यामुळे सूर्यनारायणाला करायला फारसं काही उरत नाही. महिन्याला हे जवळपास १४० युनिट होतात, म्हणजे अख्खा पहिला टप्पा ओलांडून वर. फुकटच्या यंत्राला विकतचं यंत्र रोज हरवतं, आणि घरात बोलणी खातो तो गिझर.

यावर अण्णांची बाजूही ऐकली पाहिजे. मीटर कधीच चुकत नाही असं नाही, रीडिंग न घेता सरासरीचं बिलही येतं. म्हणून आधी बिलावरचं रीडिंग आणि मीटरवरचा आकडा ताडून पाहावा. मग घरातली सगळी बटणं बंद करून मीटरचा लुकलुकणारा दिवा बघावा. मीटरवर युनिटमागे ३२०० वेळा लुकलुक लिहिली असेल, तर एकट्या कॉइलला मिनिटाला शंभरावर लुकलुक होते. सगळं बंद केल्यावर थांबायला हवी. थांबली नाही, तर कुठलं तरी बटण राहिलं आहे किंवा कुठे तरी गळती आहे, आणि तसंही नसेल तर अण्णांनी बोर्डात जरूर जावं. दुसरा आक्षेप बोअरच्या जड पाण्याचा. क्षारांनी कॉइल जळते, पण क्षार वीज खात नाहीत. उष्णता उशिरा का होईना, जाते पाण्यातच. तिसरा आक्षेप खरा वजनाचा आहे: साताऱ्याच्या आषाढात ऊन कुठलं? तेव्हा कॉइल लावावीच, पण पहाटे अंघोळीआधी दोन तास. दोनच बादल्या हव्या असतील, तर तो बदनाम गिझरच स्वस्त पडतो.

मग इतका हिशेबी माणूस हे बटण का धरत नाही? कारण मीटर बोर्डाचं, गिझर मुलानं आणलेला, वॉशिंग मशीन सुनेचं; सोलर मात्र त्यांनी स्वतः चार दुकानं फिरून, घासाघीस करून घेतलेलं. माणूस दुसऱ्याच्या खरेदीचं ऑडिट डोळ्यांत तेल घालून करतो, स्वतःच्या खरेदीची नुसती पावती जपतो. म्हणून घरच्यांनी अण्णांना चूक दाखवायला जाऊ नये. "बटणाचा चार्ज तुमच्याकडे" एवढंच म्हणावं, वेळापत्रक ते स्वतः आखतील. पुढच्या महिन्यात बिल उतरेल आणि अण्णा कट्ट्यावर छाती काढून सांगतील, "बोर्डात जरा आवाज चढवला, मीटर सरळ आलं बघा."