थांबा-काका

प्रत्येक सोसायटीत एक थांबा-काका असतात. आमचे ठाण्याचे. फ्रिज, स्कूटर, मुलीचं लग्न, काहीही असो, ते आधी थांबतात. पण त्यांची खरी तपश्चर्या बेडरूमच्या खिडकीत बघावी. तिथला दीड टनी विंडो एसी सुरू झाला की खालच्या मजल्याला कळतं, काका आडवे झाले. तो खडखडू नये म्हणून फटीत लग्नपत्रिकेची घडी खोचलीय. त्या जोडप्याचा मुलगा यंदा दहावीला आहे.

"घ्यायचाय हो, पण ही वेळ नव्हे." मे महिन्यात भाव चढलेले, पावसाळ्यात गरज नाही, दिवाळीच्या ऑफरींवर विश्वास नाही आणि थंडीत एसी घेणाऱ्याला लोक हसतात. वर्ष संपलं!

बरं, माणूस अडाणी नाही. दुकानातल्या पोराला ते शिकवतात, "टन म्हणजे वजन नव्हे रे. टनभर बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून खेचायची ताकद." मग स्टिकरवर बोट ठेवून विचारतात, "हे युनिट १६०० तासांचे ना?" पोरगा मॅनेजरला बोलावतो. काका कॅटलॉग घेऊन घरी येतात.

शिवाय सरकार त्यांच्या बाजूचं. जुलै २०२२ मध्ये स्टारचे निकष कडक झाले, पाचाचे चार झाले. "बघा, घेतला असता तर घरबसल्या एक स्टार गेला असता!" सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. चाळीस हजारांच्या मूळ किमतीवर चार हजार वाचले. काका आठवडाभर छाती काढून फिरले.

"मग आता आणा की," काकू म्हणाल्या.

"थांब. जानेवारीत स्टार पुन्हा बदलतायत. जुना माल स्वस्तात काढतील."

जावयाने एकदा कागदावर मांडून दिलं: जुन्याला वर्षाला पंधराशे युनिट, नव्याला आठशे. दहा रुपये युनिट धरलं तरी वर्षाला सात हजार पाण्यात. वर गॅस भरणं वेगळं. तोही आर-२२, २०३० पर्यंत बंदच व्हायचा. काकांनी बेरीज दोनदा तपासली. "हिशोब चोख आहे. पण जावईबापू, सात हजार हळूहळू जातात. पंचेचाळीस हजार एकदम जातात." यावर जावई काय बोलणार? निम्मा देश याच तत्त्वावर चाललाय.

मग ऐन एप्रिलात, रात्री, कॉम्प्रेसर गेला. मेकॅनिकने हात जोडले. दुसऱ्या दिवशी काकांनी घासाघीस न करता, स्टिकर न वाचता, दुकानात शिल्लक होता तो स्प्लिट उचलला. वर तांब्याची जादा पाइप मीटरवर, बाहेरच्या युनिटचा स्टँड, भिंतीला भोक, खिडकी बुजवायचा गवंडी. 'इन्स्टॉलेशन फ्री' होतं.

जुन्याचे दुकानदार एक्स्चेंजमध्ये पैसे देत होता. काकांनी नाही दिला. तो आता गॅलरीत आहे, वर तुळशीची कुंडी. काकू रोज अडखळतात, रोज भंगारवाल्याला हाक मारायला निघतात.

"थांब," काका आतून ओरडतात, "आतल्या कॉइलला तांबं आहे. भाव चढतोय!"