कूलंबाचा कौल

कोकणात गुरव देवाला पाकळ्या लावतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. खाडीपुलाच्या साइटवर हे काम आरसीपीटी करते. रॅपिड क्लोराइड पेनिट्रेशन टेस्ट. नावात क्लोराइड आहे; मोजते ती वीज.

विधी असा: काँक्रीटची ५० मिलिमीटर जाडीची चकती घ्यायची, निर्वात भांड्यात तिच्यातली हवा ओढून काढायची, मग १८ तास पाण्यात बुडवून ठेवायची. नंतर एका अंगाला मिठाचं पाणी, दुसऱ्या अंगाला कॉस्टिकचं, आणि ६० व्होल्ट. सहा तासांत किती भार पार झाला ते कूलंबात. मिठाचं पाणी ९० दिवस साठवून ठेवायच्या जुन्या चाचणीपुढे हे झटपटच म्हणायचं.

गंमत पुढे आहे. चकतीतून वीज नेणारं क्लोराइड एकटं नसतं. छिद्रांतल्या पाण्यातले सगळेच आयन पळत असतात, हायड्रॉक्सिल तर सगळ्यांत पुढे. मायक्रोसिलिका घातली की ते घटतात आणि आकडा धाडकन उतरतो. छिद्रंही बारीक होतात, नाही असं नाही. पण श्रेय कुणाला किती, हे कूलंब सांगत नाही. उलट सळया गंजू नयेत म्हणून कॅल्शियम नायट्राइट घालावं, तर आकडा चढतो. औषध घेतलं म्हणून नापास! त्यात काँक्रीट वाईट असेल तर चकती तापते, आणि तापली की वीज आणखी वाढते. म्हणजे आधीच बदनाम, त्यात ताप.

१९८१ साली डेव्हिड व्हायटिंग यांनी अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनासाठी ही चाचणी बसवली. एकच मिक्स रोज तपासायचं, कालच्यापेक्षा आज बिघडलंय का बघायचं, तर ती आजही कामाची. पण टेंडरवाल्याला एवढ्यावर समाधान नसतं. तो १००० ची रेघ मारतो: ९९० पास, १०१० नापास. आणि ज्या एएसटीएम सी १२०२ मानकाच्या जोरावर ही रेघ मारली, ते मानकच सांगतं की एकाच काँक्रीटच्या दोन लॅबमधल्या आकड्यांत ५१ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो.

कौल मनासारखा आला नाही की गुरवाला पुन्हा पाकळ्या लावायला सांगतात. साइटवर दुसऱ्या लॅबला चकती पाठवतात. ५१ टक्क्यांची मुभा आहेच.