रा. रा. पुनर्विकासराव यांस, ओझरहून

प्रति,
श्री. पुनर्विकासराव,
मुक्काम : हरएक शहराची जुनी पेठ.

विषय : अद्याप उभ्या असलेल्या नाट्यगृहांबाबत.

महोदय,

अर्जदार ओझरचा, जिल्हा नाशिक. गावात एचएएलचा कारखाना आहे, तिथे सुखोई विमानं जुळवली जातात. नाटक पाहायचं तर मात्र अर्जदार आग्रा रोड धरून नाशकात जातो. तिसऱ्या घंटेच्या आत खुर्ची गाठायची आणि मध्यंतरात बटाटेवड्यासाठी रेटारेटी करायची, एवढाच त्याचा रंगभूमीशी संबंध. तेव्हा अर्जात तज्ज्ञपणा आढळल्यास तो उसना समजावा.

नाशकात विजयानंद नावाचं थिएटर होतं. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री कलेक्टर जॅक्सनच्या निरोपानिमित्त तिथे किर्लोस्कर मंडळींच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. साहेब नाटकाला आले आणि अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्यामुळे विजयानंद पाठ्यपुस्तकापर्यंत पोचलं. देवलांची ‘शारदा’ त्या रात्री कुठवर आली होती, हे कोणी विचारत नाही. अर्जदाराची साधी शंका अशी, की ज्या नाट्यगृहात आयुष्यभर नुसती नाटकंच झाली, त्याने तुमच्या पाडकामाच्या यादीतून नाव वगळून घ्यायला नेमकं काय करावं?

मुंबईच्या ग्रँट रोडला तर अख्खी नाटकपेठ होती. १८४६ साली नाना शंकरशेटांच्या पुढाकाराने तिथे थिएटर उभं राहिलं, १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीहून येऊन तिथे खेळ केले. मागोमाग पारशी कंपन्यांची थिएटरं आली आणि त्या भागाला लोक पिला हाऊस म्हणू लागले. तिथल्याच बालीवाला थिएटरात ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर! आजच्या निर्मात्यांनी एकमेकांना तारखा सोडल्या तरी बातमी होते. पुढे बोलपट आला, नाटकाच्या थिएटरांत पडदे लागले. ते काम तुमचं नव्हे, सिनेमाचं. पण जागा मोकळी करून द्यायची रीत तुम्ही तिथूनच उचललेली दिसते.

परळच्या दामोदर हॉलचं श्रेय मात्र कोणी तुमच्याकडून हिरावून घेऊ नये. १९२२ पासूनचं हे नाट्यगृह, गिरणगावच्या कामगारांचं. कोकणातली नमनं, दशावतार, कामगार रंगभूमी, सगळ्यांना परवडणारं. २०२३ च्या अखेरीस ते तुमच्या नावाने बंद झालं आणि नाट्यकर्मी आंदोलनाला उभे राहिले. पुण्यात १९६८ चं बालगंधर्व रंगमंदिर पाडून भव्य संकुल उभारायचा बेत तुमचाच. तिथेही आरडाओरडा झाला. लोकांना तुमची कळकळ कळत नाही, दुसरं काय!

कोल्हापूरची गोष्ट वेगळी. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरकर रडले आणि नाट्यगृह होतं तसंच परत हवं म्हणून हटून बसले. मॉल कोणी मागितला नाही. हे तुमच्या धंद्याला चांगलं लक्षण नाही, म्हणून आगाऊ कळवून ठेवतो.

नाशकातही कालिदास कलामंदिराचं रूप २०१८ मध्ये पालटलं. खुर्च्या मऊ झाल्या, आणि भाडं वाढल्याबरोबर नाट्यसंस्थांचा चेहरा कडक झाला. अर्जदाराला मऊ खुर्चीचं वावडं नाही. पण तुमच्या नकाशात दर्शनी काच किती हे आधी ठरतं. नेपथ्याचा टेम्पो मागच्या दाराला लागतो का, सेट न तोडता विंगेत शिरतो का, मेकअप रूममधून कलाकार पावसात न भिजता रंगमंचावर पोचतो का, हे उद्घाटनानंतर कळतं. तोवर फीत कापणारे घरी गेलेले असतात.

आता मागणी. अर्जदाराच्या गावाला एक जुनी खोड आहे. वाघाड धरणाचं पाणी कालव्याच्या टोकापर्यंत पोचेना, तेव्हा नव्वदच्या सुमारास ओझरच्या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये यांच्या सोबतीने पाणी वापर संस्था काढल्या. पाणी मोजून घेतलं, पट्टी स्वतः गोळा केली, भांडणं गावातच मिटवली. सरकारी खात्याला जमेना ते जमलं, आणि लोक बघायला लांबून येऊ लागले. तेव्हा यापुढे कोणत्याही नाट्यगृहाला हात लावण्याआधी तिथल्या नाट्यसंस्था, बॅकस्टेजचे कामगार आणि तिकीट काढून येणारे प्रेक्षक यांची अशीच वापर संस्था नोंदवावी. नकाशा, भाडं आणि पुन्हा उघडण्याची तारीख तिच्या सहीशिवाय ठरू नये. तारीख चुकली तर रोजचा दंड तुमच्याकडून वसूल व्हावा.

आपला,
एक ओझरकर प्रेक्षक

ता. क. : सोबत तिकिटाचे पैसे जोडलेले नाहीत. ते नाट्यगृह उघडल्यावर खिडकीवर रोख भरले जातील.