चढताना रातोरात, उतरताना अर्ज करा

प्रति,
गृहकर्ज देणाऱ्या बँकांचे आणि गृहवित्त कंपन्यांचे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक

विषय : आमच्याकडून जादा घेतलेले व्याज परत करण्याबाबत

महोदय,

मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवायला सुरुवात केली, तेव्हा तुमची यंत्रणा किती चपळ आहे हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि रेपोशी जोडलेल्या कर्जांवर ती सगळी वाढ पै न पै येऊन पोहोचली. तेव्हा कुणी आमच्याकडे अर्ज मागितला नाही. शाखेत या, फॉर्म भरा, फी भरा, असे कुणी म्हणाले नाही. दर वाढवायला आमची सही लागत नाही. ती लागते दर कमी करताना. रांगेत उभे राहून, स्वतःच्याच कर्जावर फी आणि वर जीएसटी भरून, जुन्या कर्जदाराने आजचा दर विकत घ्यायचा, ही रीत तुम्ही घालून दिली आहे. या रीतीचा हिशेब मागायला हे पत्र लिहीत आहे.

गेल्या दोन दशकांत व्याजदर ठरवायला तुमच्या हातात चार वेगवेगळी मापे आली. आधी बीपीएलआर, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेला मूळ कर्जदर. त्यात तुम्ही मोठ्या ग्राहकांना त्या दराच्या खाली कर्जे दिलीत. मग १ जुलै २०१० पासून बेस रेट, म्हणजे किमान कर्जदर, आला. १ एप्रिल २०१६ पासून एमसीएलआर, म्हणजे निधीच्या सीमांत खर्चावर आधारलेला दर. १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडणी. प्रत्येक वेळी माप बदलावे लागले, कारण आधीच्या मापात दर उतरल्याचा फायदा कर्जदारापर्यंत पोहोचत नव्हता. आणि प्रत्येक वेळी जुन्या मापाने मोजलेले लाखो कर्जदार मागे राहिले. नवे माप आले आहे हे त्यांना ठळक अक्षरांत कळवण्याचे कष्ट तुमच्यातल्या फारच थोड्यांनी घेतले. जाहिरातीत झळकणारा दर नव्या ग्राहकासाठी असतो. ज्याने दहा वर्षे एकही हप्ता चुकवला नाही, त्याच्या खात्यावर तुम्ही बेस रेट तसाच ठेवून दिलात.

हे माझे निरीक्षण म्हणून उडवून लावू नका. रिझर्व्ह बँकेने डॉ. जनक राज यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला होता. त्याचा अहवाल ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्यापैकी प्रत्येकाने तो वाचलेला असणार, तरी त्यातले निष्कर्ष इथे मांडतो, म्हणजे हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही ते कळतील. बँकांनी बेस रेट आणि एमसीएलआर मनमानी पद्धतीने काढले. निधीचा खर्च चुकीच्या रीतीने धरला. ठेवींवरचे व्याज बरेच उतरूनही बेस रेट जागचा हलवला नाही. नक्त मूल्यावरचा परतावा, म्हणजे स्वतःच्या नफ्याचा आकडा, आधीच्या वर्षांशी मेळ खाणार नाही इतका एकदम वाढवला आणि ठेवी स्वस्त झाल्याचा फायदा त्यात जिरवला. हवा तो दर यावा म्हणून सूत्रात नवे घटक घातले.

यातला शेवटचा निष्कर्ष मी पुन्हा पुन्हा वाचला. उत्तर आधी ठरवायचे आणि मग त्याला साजेसे गणित मांडायचे. रिक्षाचा मीटर फास्ट निघाला तर आरटीओ परवान्यावर कारवाई करते. तुमचा मीटर फास्ट असल्याचे देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या अभ्यासगटाने लिहून ठेवले, आणि वसूल केलेले जादा पैसे परत करा असा आदेश तेव्हा निघाला नाही. मुंबईच्या मनीलाइफ फाउंडेशन या संस्थेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. पुढे नव्या कर्जांसाठी नियम सुधारले. त्याआधीच्या वर्षांत जे घेतलेत, ते तुमच्याच ताळेबंदात राहिले.

एक टक्क्याने काय होते, असे तुमचे रिलेशनशिप मॅनेजर हसत हसत विचारतात. मी सांगतो. ३० लाखांचे कर्ज, २० वर्षांची मुदत. साडेनऊ टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे २७,९६० रुपये, साडेआठ टक्क्यांनी सुमारे २६,०३० रुपये. महिन्याला १,९३० रुपयांचा फरक, पूर्ण मुदतीत साडेचार लाखांहून जास्त. बदलापूरला किंवा वाकडला घर घेऊन रोज दोन-दोन तास लोकलमध्ये नाहीतर ट्रॅफिकमध्ये घालवणाऱ्या माणसाच्या घरात हे साडेचार लाख म्हणजे मुलीच्या इंजिनिअरिंगची फी असते, आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन असते. ते तुम्ही एका आकड्याच्या आडून नेलेत, आणि त्याला पत्ताही लागला नाही, कारण दर न उतरवल्याने हप्त्याची रक्कम तीच राहिली.

दर वाढला की हप्ता तोच ठेवून मुदत वाढवणे ही तुमची सर्वांत क्रूर सोय आहे. सात टक्क्यांनी ३० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी घेतलेल्याचा हप्ता सुमारे २३,२६० रुपये. कर्ज नुकतेच सुरू झाले असताना दर साडेनऊ टक्क्यांवर गेला, तर ३० लाखांवर एका महिन्याचे नुसते व्याजच २३,७५० रुपये होते. म्हणजे तो माणूस दर महिन्याला प्रामाणिकपणे हप्ता भरेल आणि तरी कर्ज वाढतच जाईल. अशा कर्जाला शेवट नाही. पन्नाशीतल्या माणसाच्या कर्जाची मुदत त्याच्या निवृत्तीपलीकडे नेऊन ठेवताना त्याला एक फोन करावा, असे तुमच्या इतक्या मोठ्या कॉल सेंटरमध्ये कुणालाच वाटले नाही? क्रेडिट कार्ड विकायला तर दिवसातून तीनदा फोन येतो.

अखेर १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून तुम्हाला साधा शिष्टाचार शिकवावा लागला : दर बदलला तर हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो ते कर्जदाराला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला ठरवू द्या, हप्त्यातून महिन्याचे व्याजही सुटत नाही अशी वेळ येऊ देऊ नका, दर तिमाहीला समजेल असे विवरण द्या. ज्याचे कर्ज आहे त्याला त्याच्या कर्जाविषयी सांगा, एवढेच ते परिपत्रक म्हणते.

मग आले २९ एप्रिल २०२४ चे परिपत्रक. रिझर्व्ह बँकेच्या तपासणी पथकांना काय सापडले ते त्यात नोंदवले आहे. काही संस्था कर्ज मंजूर झाल्याच्या किंवा करारावर सही झाल्याच्या तारखेपासून व्याज लावत होत्या, पैसे कर्जदाराच्या हातात पडलेले नसताना. चेकवर एक तारीख आणि चेक हातात दिला कितीतरी दिवसांनी, व्याज मात्र चेकवरच्या तारखेपासून. महिन्याच्या मध्यावर कर्ज दिले किंवा फेडून घेतले तरी व्याज पूर्ण महिन्याचे. एक-दोन हप्ते आगाऊ कापून घेतले आणि व्याज पूर्ण रकमेवर. बिल्डरकडे चकरा मारणारा, जागेच्या भाड्यात आणि हप्त्यात एकाच वेळी पिळून निघणारा कर्जदार तुमच्या टेबलावरच्या चेकचेही व्याज भरत होता. हे कुणा एका कारकुनाच्या हातून झालेले नाही. व्याज कोणत्या तारखेपासून सुरू करायचे हे सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी बसून ठरवले, कुणीतरी त्याला मंजुरी दिली, आणि तुमच्या अंतर्गत लेखापरीक्षकांनी वर्षानुवर्षे त्यावर सह्या केल्या.

जिथे हे सापडले तिथे पैसे परत करायला रिझर्व्ह बँकेने सांगितले. पण त्या संस्थांची नावे परिपत्रकात नाहीत. परतावा किती जणांना मिळाला हे आम्हाला ठाऊक होण्याचा मार्ग नाही. थकबाकीदाराच्या घराचा लिलाव करायचा असतो तेव्हा तुम्ही त्याचे नाव, पत्ता, रक्कम पेपरात छापता. जादा घेणाऱ्याला झाकून ठेवायचे आणि भरू न शकणाऱ्याला चव्हाट्यावर आणायचे, हा भेद मला मान्य नाही.

प्रीपेमेंटवरच्या दंडाबद्दल आणि फेडलेल्या कर्जाची कागदपत्रे अडकवून ठेवण्याबद्दलही लिहिता येईल. पहिल्यासाठी २०१२ चा आदेश लागला. दुसऱ्यासाठी १ डिसेंबर २०२३ पासून, तीस दिवसांनंतर दिवसाला ५ हजार रुपये भरपाईचा नियम लागला. कर्ज फिटल्यावर माणसाचे कागद माणसाला द्यावेत, हे नियमाशिवाय तुम्हाला सुचले नाही, इतकेच नोंदवून पुढे जातो.

हे पैसे परत करणे व्यवहारात शक्य नाही, असे तुमचे वकील सांगतील. आयर्लंडकडे पाहा. तिथल्या बँकांनी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराशी बांधलेली, ‘ट्रॅकर’ म्हणून ओळखली जाणारी गृहकर्जे हजारो ग्राहकांना नाकारली किंवा चुकीच्या दराने लावली. २०१५ च्या अखेरीस तिथल्या मध्यवर्ती बँकेने सगळ्या कर्जदात्यांची तपासणी सुरू केली, आणि फसवले गेलेले ग्राहक शोधण्याचे काम बँकांवरच टाकले. ४० हजारांहून अधिक खाती बाधित निघाली. काही कुटुंबांची राहती घरे तोवर गेली होती. जुलै २०१९ च्या अंतिम अहवालात परतावा आणि भरपाईची रक्कम ६८ कोटी युरोंच्या पुढे गेलेली होती. दंड त्याशिवाय : २०२२ मध्ये एआयबी या बँकेला ८.३३ कोटी युरो आणि बँक ऑफ आयर्लंडला १०.०५ कोटी युरो, बँकेच्या नावासकट जाहीर. तिथल्या बँकांनीही आधी हात झटकले होते. ग्राहक, पत्रकार आणि संसदेची समिती मागे लागली, तेव्हा तेच जुने हिशेब त्यांच्याच संगणकांतून बाहेर आले.

आमचे हिशेबही तुमच्याच संगणकांत आहेत. म्हणून मागणी सरळ आहे. १ जुलै २०१० पासूनचे प्रत्येक फ्लोटिंग गृहकर्ज, चालू असो वा फिटलेले, पुन्हा मोजा. ठेवींचा तुमचा खर्च जसा उतरला तसा दर उतरवून मोजा, आणि पैसे हातात पडल्याच्या तारखेपासून मोजा. फरक निघेल तो, ज्या दराने आमच्याकडून घेतलात त्याच दराच्या व्याजासह, खात्यात जमा करा. त्यासाठी आमच्याकडून अर्ज, केवायसी किंवा फी मागू नका. ज्याचे कर्ज फिटले आणि जो आता हयात नाही, त्याच्या वारसांना तुम्ही शोधा. थकबाकी असती तर शोधलेच असते. जुन्या कर्जदारांना विनाशुल्क आजच्या दरावर आणा. गृहवित्त कंपन्यांवर बाहेरच्या दराशी जोडण्याची सक्ती नाही, म्हणून त्यांच्या ग्राहकांनी हे सहन करत राहावे हेही चालणार नाही.

आणि मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेला या पत्राची प्रत पाठवत आहे, ती एका विनंतीसह : तपासणीत ज्या संस्था दोषी सापडल्या त्यांची नावे, प्रत्येकीने परत केलेली रक्कम आणि अजून देणे असलेली रक्कम प्रसिद्ध करा.

लेखी उत्तराची वाट पाहत आहे. तक्रारीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, हे तुमच्याच शाखेतल्या फलकावर लिहिले आहे.

आपला,
एक गृहकर्जदार